कांदे निघाले मदेराला

इंग्रज माणूस जहाजावर पाय ठेवतो तेव्हा जगाचा नकाशा बदलतो, असे इतिहासाचे म्हणणे आहे. कुणी मसाल्यासाठी निघाला, कुणी सोन्यासाठी, कुणी राणीच्या नावाने बेटांवर काठ्या रोवायला. आणि जो तो परत येताना पृथ्वीचा थोडाफार तुकडा खिशात घालून आला. लायनेल थ्रसेल सप्टेंबरात साउदॅम्प्टनच्या धक्क्यावरून अटलांटिकाकडे निघाला, तेव्हा नकाशा मात्र होता तसाच राहिला. जागा बदलली ती तीन कांद्यांची.

कांदे म्हणजे चिरायचे कांदे नव्हेत. प्रदर्शनाचे कांदे. यांचे बी नाताळच्या दुसऱ्या दिवशी पेरायचे असते, म्हणजे सभ्य माणसे कालची टर्की पचवत पडलेली असतात तेव्हा. मग आठ महिने त्यांना ऊब, पाणी आणि लायनेलच्या मते थोडे प्रोत्साहन द्यावे लागते. ऑगस्टात उपटायचे, वरची सैल साल काढायची, माना सुतळीने बांधायच्या, टाल्कम पावडर लावायची आणि हवेशीर सावलीत निजवायचे. लिटल हॅडबी गावच्या प्रदर्शनात मोठ्या कांद्यांच्या वर्गात तीन कांदे मांडतात. तिन्ही लहान बाळाच्या डोक्याएवढे असून भागत नाही. ते तिळ्यांसारखे एकसारखे हवेत. एकाला ओरखडा पडला की उरलेले दोघे विधुर.

या वर्गाचा चषक सलग सहा वर्षे शेजारच्या क्लाइव्ह पिंचबेककडे होता. क्लाइव्ह तो स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवी. का, तर म्हणे तिथे उजेड चांगला पडतो. तो उजेड नेमका लायनेलच्या नाश्त्याच्या टेबलावर परावर्तित होई. पण यंदा लायनेलच्या वाफ्यात जे तीन कांदे उपजले होते, ते पाहून धर्मगुरूसुद्धा क्षणभर टोपी काढून उभे राहिले होते. यंदा चषक हलणार होता.

आणि नेमका यंदाच त्याच्या बायकोला, बेरिलला नवा गुडघा मिळाला. नवा गुडघा मिळालेला माणूस तो कुठेतरी वापरू पाहतो. तिने स्पेनचा किनारा, मदेरा बेट, लिस्बन असे करत परत येणाऱ्या क्रूझची दोन तिकिटे काढली आणि मग नवऱ्याला सांगितले. जहाज परत येणार होते प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी.

"म्हणजे वेळेत पोचतोयच की आपण," बेरिल म्हणाली.

"आणि तोवर यांच्याकडे कोण बघणार?"

"लायनेल, ते कांदे आहेत. ते कुणाची वाट बघत नाहीत."

तेवढ्यात कुंपणावरून क्लाइव्हचे डोके वर आले. या डोक्याला कुंपणापलीकडचे बोलणे ऐकू येण्याची तीस वर्षांची सवय होती.

"ठेव की माझ्याकडे," क्लाइव्ह म्हणाला. "मी बघतो त्यांच्याकडे. शेजारी कशाला असतात?"

लायनेलने हसून आभार मानले आणि घरात येऊन दाराला कडी लावली. लांडगा म्हणतोय, कोकरं ठेव माझ्याकडे! धर्मगुरूंनी सल्ला दिला की अशा गोष्टी देवावर सोपवाव्यात. पण धर्मगुरू अंडी क्लाइव्हकडून घेत, तेव्हा देवापर्यंत निरोप सरळ पोचेल याची खात्री नव्हती. पोस्टातल्या बाईंनी बँकेच्या तिजोरीचा मार्ग सुचवला. लायनेलने बँकेत खरोखरच चौकशी केली. बँकेने विचार करून कळवतो म्हटले आणि पुढच्याच आठवड्यात गावातली शाखा बंद केली.

तेव्हा कांदे क्रूझला निघाले.

साउदॅम्प्टनला सामान तपासणीच्या पट्ट्यावरून बेरिलची टोप्यांची पेटी पुढे सरकली आणि थांबली. पडद्यावर तीन गोल डोकी शेंडी वर करून बसली होती. तपासणीच्या बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"सर, हे काय आहे?"

"कांदे."

"खायचे?"

लायनेलचा चेहरा असा झाला, की जणू कुणी त्याच्या नातवंडांबद्दल हा प्रश्न विचारला. "मुळीच नाही!"

"मग जरा अडचण आहे, सर. खायचे असतील तर तो खाऊ. खाऊ चालतो. खायचे नसतील तर ती वनस्पती. वनस्पती चालत नाही."

"अहो, पण वस्तू तीच आहे ना?"

"वस्तू तीच, सर. हेतू वेगळा."

लायनेलने सारा जन्म वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढला होता. सरकारी माणसासमोर खोटे बोलणे त्याला शक्य नव्हते, कारण आयुष्यभर तो सरकारी माणूस तोच होता. मागे रांग वाढली आणि रांगेतून एक खोकला आला. मग दुसरा. इंग्लंडात क्रांती होत नाही, तिथे रांग खोकते.

"खाणार आहे तो," बेरिल पुढे होऊन म्हणाली. "कच्चे. रोज थोडा थोडा. पोट साफ होत नाही हो त्याचं. डॉक्टरांनीच सांगितलंय."

बाईंचा चेहरा लोण्यासारखा वितळला. "अगं बाई! माझ्या आईचंही तसंच आहे." आणि पट्टा सुरू झाला.

ही करुणा नुसती वितळून थांबली नाही, ती जहाजभर पसरली. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मुख्य वाढप्याने न मागता कोंड्याची वाटी लायनेलसमोर ठेवली. त्याच टेबलावर मिसेस डॅगनल नावाच्या विधवा बाई होत्या. जहाजाच्या कप्तानापेक्षा त्यांच्या सफरी जास्त झाल्या होत्या. त्यांनी पर्समधून सुकवलेल्या आलुबुखारांची पिशवी काढून टेबलावरून सरकवली आणि सबंध टेबलाला ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाल्या, "लाजायचं काही नाही यात, मिस्टर थ्रसेल. माझे हॅरल्ड तर यावर बारा बंदरं फिरले."

लायनेलने आभार मानून दोन खाल्ली. परिणाम बिस्केच्या उपसागरात दिसला. पण त्या उपसागरात सर्वांचेच हाल होते, त्यामुळे त्याचा वेगळा उल्लेख नको.

खरी पंचाईत केबिनची होती. तिला खिडकी नव्हती. रात्री समुद्र तसाही दिसत नाही, या भक्कम युक्तिवादावर लायनेलनेच ती निवडली होती. आता त्या कोंदट हवेत कांद्यांना घाम फुटू लागला. लायनेलने बेरिलचे तीन लांब मोजे घेतले, एकेकात एकेक कांदा सोडला आणि ते न्हाणीघरातल्या दांडीला लटकवले. जहाज डावीकडे कलले की तिघे डावीकडे, उजवीकडे कलले की उजवीकडे. बेरिलला दात घासताना त्यांना चुकवावे लागे. कप्तानाच्या मेजवानीला सगळ्या बायका झगमगीत झगे घालून आल्या. बेरिल मोज्यांअभावी बागकामाची विजार घालून गेली. ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा लायनेलला बरे वाटत असे. हीच त्याची चूक.

केबिनची झाडलोट करणारा आल्वितो मूळचा गोव्याचा, तीन मुलींचा बाप, आणि पाहुण्यांना खूष करण्याचा त्याला ध्यास. तो रोज टॉवेलची घडी घालून पलंगावर कधी हंस, कधी माकड करून ठेवी. एके संध्याकाळी पलंगावर टॉवेलचा हत्ती उभा होता आणि त्याच्या पाठीवर अंबारीत बसावा तसा मधला कांदा. लायनेलच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून आल्वितो धावत आला.

"साहेब, आवडला नाही? सोलून ठेवू का?"

"हात लावू नकोस! कृपा करून हात लावू नकोस!"

"बरं, साहेब," आल्वितो समजुतीने म्हणाला. पोटाच्या विकाराने माणसे चिडचिडी होतात, हे त्याने घरी पाहिले असावे.

स्पेनच्या ला कोरुन्या बंदरात बेरिल मिसेस डॅगनलबरोबर किनाऱ्यावर गेली. लायनेल कांद्यांना वारा घालत बसला. ती परतली ती उन्हाने लाल होऊन, हातात पंखा घेऊन. आणि अखेर बोलली.

"लायनेल, मदेराला तू माझ्याबरोबर उतरणार आहेस. तिथल्या वेताच्या घसरगाडीच्या टोपलीत बसून आपण डोंगरावरून घसरत खाली येणार आहोत. दोघं. मी, तू आणि माझा गुडघा. कांदे नाहीत."

"पण बेरिल, इथे हवा…"

"नाही म्हणालास, तर आज रात्री मी सूप करते. वाढप्याला विचारलंय मी, तो चूल देतो म्हणालाय."

चाळीस वर्षांच्या संसारात बेरिलने पोकळ धमकी एकदाही दिली नव्हती. आता कांद्यांना दिवसभर हवेशीर जागा हवी होती. तशी जागा जहाजावर एकच, वरच्या डेकवरच्या लांबलचक आरामखुर्च्या. पण तिथे पाटी होती: खुर्च्या राखून ठेवू नयेत, अर्ध्या तासाहून जास्त वेळ बेवारस दिसलेले सामान उचलण्यात येईल.

पाटी लायनेलने दोनदा वाचली. सामान, असे म्हटले होते. मग त्याने जे केले त्यात, तो आजही शपथेवर सांगतो, फसवण्याचा हेतू नव्हता. एक कांदा उशीवर ठेवला. ऊन लागू नये म्हणून त्यावर आपली गवती टोपी. दोन कांदे खाली मध्यावर शेजारी शेजारी. त्यांच्याखालून वारा खेळावा म्हणून गुंडाळलेले टॉवेल. या सर्वांवर एक मोठा टॉवेल. टॉवेल उडू नये म्हणून पायथ्याशी आपले बूट. यातून गुडघे किंचित वर करून, तोंडावर टोपी घेऊन झोपलेला एक ठेंगणा गृहस्थ तयार झाला, हा योगायोग. वजनमापे खाते योगायोगावर दंड करत नाही.

मदेराला पोचेपर्यंत दोन दिवस नुसता समुद्र होता. त्या दोन दिवसांत लायनेलने हा प्रयोग पहाट ते संध्याकाळ करून पाहिला आणि तो झकास जमला. शेजारची खुर्ची मिसेस डॅगनलची. त्या आल्या, "सुप्रभात" म्हणाल्या, उत्तर आले नाही, आणि त्यांना फार बरे वाटले. सहलीला येऊन न बोलणारा शेजारी मिळणे हे भाग्य. हळूहळू त्या गृहस्थाची कीर्ती पसरली. लोक त्याच्याजवळून चवड्यावर चालत. एका आजोबांनी त्याच्यावर ऊन येतेय म्हणून छत्री सरकवली. कुणी त्याला नाव विचारले नाही, कारण झोपलेल्या माणसाला नाव विचारणे अशिष्ट. आणि कुणी टोपी उचलली नाही, कारण ओळख नसताना दुसऱ्याची टोपी उचलणे हे त्याहून अशिष्ट. जहाजावरचा सर्वांत लोकप्रिय प्रवासी कोण, असे मत घेतले असते तर तोच निवडून आला असता.

मदेराच्या फुंशाल बंदरात लायनेल आणि बेरिल उतरले. डोंगरावरच्या वेताच्या टोपलीत ती आधी बसली, मग तो. पांढऱ्या कपड्यातल्या दोन गड्यांनी टोपली ढकलली आणि ती उतारावरून अशी सुटली, की लायनेलचे आयुष्यभराचे मोजमाप वाऱ्यावर गेले. बेरिल किंचाळत होती, हसत होती, तिने त्याचा दंड घट्ट धरला होता. एका वळणावर समोर भिंत आली आणि गेली. खाली पोचल्यावर लायनेलच्या लक्षात आले की मघापासून आपण एकदाही कांद्यांचा विचार केलेला नाही.

"बघ," बेरिल म्हणाली, "जिवंत आहेस."

"पुन्हा जायचं का?" लायनेल म्हणाला. तिने त्याच्याकडे असे पाहिले, की चाळीस वर्षांत तसे फारसे पाहिले नव्हते. ते पुन्हा गेले.

आणि इकडे जहाजावर मिसेस डॅगनलना शंका येऊ लागली. सकाळपासून ऊन चढले, उतरले. गृहस्थ हलले नाहीत. काल हलले होते का, तेही आठवेना. त्यांनी पलीकडच्या आजोबांना विचारले. आजोबांनाही न्याहारीपासून तीच शंका होती. पण उगाच गवगवा नको म्हणून ते गप्प होते. चौकशी करता निघाले की त्या बाजूच्या सबंध रांगेला ही शंका होती, काहींना तर काल दुपारपासून, आणि प्रत्येक जण दुसरा कुणीतरी बोलेल म्हणून थांबला होता.

"माझे हॅरल्ड गेले तेव्हा असंच झालं," मिसेस डॅगनल म्हणाल्या. "चहा थंड झाला तेव्हा कळलं."

लायनेल जहाजाच्या शिडीवर चढत असतानाच कर्ण्यावरून घोषणा झाली: वैद्यकीय पथकाने वरच्या डेकवर, मागच्या बाजूस, तातडीने यावे. तो जिने चढत धावला, डेकवर पोचला, आणि त्याला समोर रांग दिसली.

सुरेख रांग होती. माहिती द्यायला आलेल्या प्रवाशांची. त्या टोकाला पडदा धरला होता आणि पडद्याआड जहाजाचे डॉक्टर गुडघ्यावर बसले होते. लायनेलने एक पाऊल पुढे टाकले. रांगेतल्या शेवटच्या माणसाने मागे वळून नुसते पाहिले.

आता इथे वाचक म्हणेल, की शिंच्या, घूस ना मध्ये! तुझे कांदे आहेत! पण वाचक लिटल हॅडबीत जन्मलेला नाही. लायनेल रांगेत उभा राहिला.

"काय झालं?" त्याने कुजबुजत विचारले.

"गेले बिचारे," पुढचा म्हणाला. "फार सज्जन होते. तुमच्या ओळखीचे?"

"हो," लायनेल म्हणाला. "बी पेरल्यापासून." पण पुढच्याने ते दुःखाने आलेले भ्रमिष्टपण समजून त्याचा खांदा थोपटला.

रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. कारण जो तो आपल्याला काहीच माहीत नाही हे सविस्तर सांगत होता. पडद्याच्या फटीतून लायनेलला दिसले की डॉक्टरांनी टॉवेलखाली हात घातला आहे. नाडी शोधताहेत. नाडी सापडेना म्हणून अंगठा जोरात दाबताहेत. लायनेलच्या घशातून हुंदका आला. रांगेने त्याला रुमाल दिला, पुढची जागा दिली नाही.

मग डॉक्टरांनी टोपी उचलली.

डॉक्टरांनी टोपी परत ठेवली आणि पुन्हा उचलून पाहिली. वैद्यकीय शिक्षणात हा प्रसंग घेतलेला नसतो. शेवटी मिसेस डॅगनल वाकल्या.

"हा कांदा आहे," त्या म्हणाल्या. मग ताठ होत: "तीन दिवस मी ह्याला सुप्रभात म्हणतेय." मग थोडे थांबून, स्वतःशीच: "तरी बोलायला हॅरल्डपेक्षा वाईट नव्हता."

लायनेलला, बेरिल आणि डॉक्टरांसह, सुरक्षा अधिकाऱ्याच्या खोलीत नेले. अधिकारी तरुण, इस्त्रीचा आणि दुःखी होता. त्याच्याकडे एका मृत्यूची तक्रार होती, आणि जहाजावरची सगळी माणसे मोजून जिवंत भरली होती.

"सर, हे जहाजावर खाऊ म्हणून आले, बरोबर?"

"हो."

"मग खाल्ले का नाहीत?"

लायनेलने आपली गवती टोपी हातात फिरवली.

"खाल्ले नाहीत म्हणजे ती वनस्पती. वनस्पती मला समुद्रात टाकावी लागेल. किंवा," अधिकाऱ्याने ड्रॉवरमधून सुरी काढून टेबलावर ठेवली, "तुम्ही आत्ता खा. माझी काही हरकत नाही."

लायनेलने सुरीकडे पाहिले. बेरिलकडे पाहिले. आता तिने नुसते बसून राहायचे होते, सूड आपोआप उगवला असता. विजार घालून गेलेल्या मेजवानीचा, दात घासताना बसलेल्या धपक्यांचा. बेरिलने डॉक्टरांकडे तोंड वळवले.

"डॉक्टर, तिसरी एखादी जात असते का? म्हणजे खायचं, पण रोज नाही?"

डॉक्टरांना हे प्रकरण आपल्या चरित्रातून लवकर निघून जावे असे फार वाटत होते. "औषध," ते म्हणाले. "गरज पडल्यास. पण त्याला विकार हवा. आणि रुग्णाने तो स्वतः सांगायला हवा."

सगळे लायनेलकडे बघू लागले. दाराबाहेर मिसेस डॅगनल होत्या, आजोबा होते, आलुबुखारे होती. आयुष्यात एकाही दुकानदाराचे खोटे माप त्याने चालवून घेतले नव्हते. त्याने घसा साफ केला.

"मला," लायनेल थ्रसेल, निवृत्त निरीक्षक, स्पष्ट आवाजात म्हणाला, "होत नाही."

"मोठ्यानं, सर. साक्षीदाराला ऐकू यायला हवं."

तो मोठ्याने म्हणाला. बाहेर कुणीतरी सहानुभूतीने टाळ्या वाजवल्या.

लिस्बन आले आणि गेले. लायनेलला जाता-येता अनोळखी सहप्रवासी थांबवून विचारत, "काय, आज?" केबिनमध्ये त्याने दिव्याखाली तिघांना तपासले. दोघे धडधाकट. तिसऱ्याच्या मानेजवळ डॉक्टरांच्या अंगठ्याचा खळगा. लायनेलने त्यावर टाल्कम पावडर भरली, पुसली, पुन्हा भरली. खळगा मागच्या बाजूला केला तर दिसत नव्हता.

"नाही दिसत," बेरिल म्हणाली. ती आता त्याच्याबरोबर खाली बसून एक डोळा मिटून बघत होती. "मी परीक्षक असते तर दिला असता बाई चषक."

प्रदर्शनाच्या तंबूत लायनेल सर्वांत आधी पोचला. काळे मखमली कापड अंथरले, तिघांना मांडले, खळगा मागच्या बाजूला. मग तो क्लाइव्हच्या कांद्यांची वाट बघत उभा राहिला. क्लाइव्ह आला तो हात हलवत, रिकामा.

"तुझे कुठायत?" लायनेलने विचारले.

"माझे? जुलैतच कुजले रे. पांढरी बुरशी. सगळा वाफा गेला. म्हणून तर म्हटलं होतं ना तुला, ठेव माझ्याकडे. यंदा मला तरी काय काम होतं?" क्लाइव्हने तिन्ही कांदे खालीवर न्याहाळले आणि मनापासून शीळ घातली. "काय माल आहे! बाकीच्यांनी तुझ्या धाकानं मांडलेच नाहीत. घे, यंदा तुझंच आहे."

लायनेलने टेबलाकडे पाहिले. लांबलचक टेबल, एका टोकाला त्याचे काळे कापड, बाकी सगळे मोकळे. त्याला क्लाइव्हच्या खिडकीतला उजेड आठवला आणि तो प्रथमच सौम्य वाटला. बेरिलने त्याचा दंड धरला, टोपलीत धरला होता तसा. परीक्षक हातात भिंग घेऊन आत आले, आणि त्यांनी सर्वांना बाहेर जायला सांगितले.

त्या वर्षी मोठ्या कांद्यांच्या वर्गात एकच प्रवेशिका होती. तिला दुसरे बक्षीस मिळाले.